रामवाडीतले व्रतस्थ विद्यार्थी

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की येरवड्याच्या आगाखान पॅलेसनंतर थोड्याच अंतरावर रामवाडी लागते. 2024 पासून वनाझहून येणाऱ्या मेट्रोचे हे शेवटचे स्थानक आहे. भोवती आयटी कंपन्या, मॉल, विमानतळाकडे धावणाऱ्या गाड्या. आणि या गजबजाटातच झाडांनी भरलेल्या आवारात तीन संस्था शेजारी शेजारी उभ्या आहेत: ज्ञानदीप विद्यापीठ, पेपल सेमिनरी आणि डी नोबिली कॉलेज. कॅथलिक धर्मगुरू आणि व्रतस्थ घडवणारे हे भारतातले एक मोठे केंद्र. यातले ज्ञानदीप विद्यापीठ हे शिकण्याचे ठिकाण, तर उरलेली दोन मुख्यतः राहण्याची घरे. पेपल सेमिनरीत देशभरातल्या धर्मप्रांतांनी पाठवलेले उमेदवार राहतात. डी नोबिली कॉलेजात येशूसंघाचे, म्हणजेच जेझुइट संघाचे, सदस्य राहतात. इतर अनेक संघांनीही रामवाडी, वडगाव शेरी, विमाननगर या पट्ट्यात आपापली अभ्यासगृहे बांधली आहेत. सकाळी तिथले विद्यार्थी सायकलवर, पायी किंवा गाडीने वर्गाला येतात आणि दुपारी आपापल्या घरी परततात.

मीरा-भाईंदरच्या वाचकाला हे जग तसे परके नाही. उत्तन, डोंगरी, भाईंदर या गावांतली ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीज काळापासूनची आहे. एखाद्या कोळी किंवा शेतकरी घरातला मुलगा 'फादर व्हायला गेला', मुलगी 'सिस्टर झाली' हे बोल इथे पिढ्यान्पिढ्या ऐकू येतात. मात्र फादर होण्याच्या वाटा दोन आहेत आणि त्यांतला फरक बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो. पहिली वाट धर्मप्रांताची. मीरा-भाईंदर मुंबईच्या महाधर्मप्रांतात मोडते; वसई खाडीच्या पलीकडे 1998 मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला. मुंबईच्या महाधर्मप्रांतासाठी धर्मगुरू व्हायचे असेल तर मुलगा गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत जातो, पुढे आर्चबिशपांच्या आज्ञेत राहतो आणि बहुधा आयुष्यभर याच प्रदेशातल्या चर्चमध्ये सेवा करतो. दुसरी वाट संघाची. येशूसंघ, फ्रान्सिस्कन, कार्मेलाइट, सालेशियन असे संघ धर्मप्रांताच्या सीमांनी बांधलेले नसतात. त्यांत प्रवेश करणारा आधी संघाचा होतो, नंतर धर्मगुरू. काही जण धर्मगुरू न होता 'ब्रदर' म्हणूनच आयुष्य संघाला देतात.

संघात जाणे म्हणजे तीन व्रते घेणे: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. ऐकायला ही व्रते फार मोठी वाटतात, पण त्यांचा कस लागतो तो रोजच्या बारीकसारीक गोष्टींत. दारिद्र्य म्हणजे उपाशी राहणे नव्हे. 'माझे' म्हणून काही न ठेवणे. संघाचा एखादा सदस्य महाविद्यालयात प्राध्यापक असला तरी त्याचा पगार संघाच्या खात्यात जमा होतो आणि त्याला लागेल तेवढा खर्च संघाकडून मिळतो. कुणी मोबाइल भेट दिला तरी तो ठेवायचा की नाही हे वरिष्ठांना विचारून ठरते. आज्ञापालनाची ओळख साधारणपणे बदलीच्या पत्रातून होते: पुण्यात रुळलेला विद्यार्थी जून महिन्यात तलासरीच्या आदिवासी पाड्यावर असू शकतो. ब्रह्मचर्याबद्दल बाहेर सर्वांत जास्त बोलले जाते. संघात मात्र त्याच्याइतकाच, कधी त्याहून अधिक, अवघड समजला जातो तो रोजचा सहवास, म्हणजे आपण न निवडलेल्या माणसांबरोबर एका छपराखाली जन्म काढणे.

येशूसंघाचा आणि विद्यापीठाच्या शहराचा संबंध संघाच्या जन्मापासूनचा आहे. इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला सरदारपुत्र 1521 मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत जायबंदी झाला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचे मन पालटले. लोकांची आत्मिक सेवा करायची तर शिक्षण हवे, हे कळायला त्याला काही वर्षे लागली. कळल्यावर मात्र वयाच्या तिशीनंतर तो बार्सिलोनात शाळकरी पोरांच्या शेजारी बसून लॅटिन शिकू लागला. पुढे पॅरिस विद्यापीठात त्याला पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे खोलीतले सोबती भेटले. 15 ऑगस्ट 1534 रोजी सात विद्यार्थ्यांनी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर एकत्र व्रते घेतली आणि 1540 मध्ये पोपनी या मंडळींच्या संघाला मान्यता दिली. इग्नेशियसने संघासाठी जी घटना लिहिली, तिचा चौथा भाग सबंध शिक्षणावर आहे. शिकणाऱ्यांनी प्रार्थनेचे तास वाढवत नेऊ नयेत, देवाच्या सेवेसाठी म्हणून केलेला अभ्यास हीच त्या काळातली त्यांची भक्ती, असा त्यातला रोख आहे. रामवाडीतले जीवन समजून घ्यायचे तर ही एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. तिथे अभ्यास हा साधनेआधीचा किंवा साधनेनंतरचा टप्पा मानत नाहीत. ती साधनाच असते.

म्हणूनच जेझुइट घरात काही गोष्टी मुद्दाम कमी ठेवल्या आहेत. जुन्या मठांतून साधू दिवसातून अनेक वेळा एकत्र जमून स्तोत्रे गातात. इग्नेशियसने ही सामूहिक गायनाची प्रथा आपल्या संघाला लावली नाही. संघाच्या माणसाला जिथे गरज तिथे केव्हाही उठून जाता यावे, हे त्यामागचे कारण. वेगळा झगाही ठरवून दिला नाही. रामवाडीच्या आवारात फिरणाऱ्याला विद्यार्थी शर्ट-पँटमध्ये दिसतात ते याच परंपरेतून.

झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला आणि काही वर्षांतच येशूसंघ उत्तर कोकणात आला. वसईच्या किल्ल्यात संघाचे कॉलेज आणि चर्च उभे राहिले. त्या चर्चची दगडी दर्शनी भिंत अजून शाबूत आहे. वसईत साधारण 1557 मध्ये जन्मलेला गोन्सालो गार्सिया याच जेझुइट फादरांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, काही काळ व्यापारात रमला आणि शेवटी मनिला इथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत त्याला क्रुसावर मारण्यात आले आणि 1862 मध्ये चर्चने त्याला संत घोषित केले. म्हणजे संघाच्या घरात शिकून जगाच्या दुसऱ्या टोकाला जाण्याची वाट भाईंदरच्या खाडीपलीकडून चारशे वर्षांपूर्वीच निघाली होती.

त्याच शतकात गोव्यात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट राहत होता. 1579 मध्ये तो आला आणि 1619 मध्ये तिथेच वारला. त्याचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. हे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे मराठी काव्य आहे. मराठी भाषेची गोडी परदेशी माणसाने इतक्या मनापासून ओळखल्याचे दुसरे उदाहरण त्या काळात सापडत नाही. संघाचा अभ्यास स्थानिक भाषेत मुरला की काय घडते, याचा महाराष्ट्राला मिळालेला हा पहिला आणि आजही सर्वांत मोठा पुरावा. 1759 मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना आपल्या मुलखांतून हाकलले, 1773 मध्ये पोपनी संघच बरखास्त केला आणि 1814 मध्ये तो पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात ही परंपरा तुटली ती तुटलीच.

रामवाडीचा धागा मात्र गोव्याहून येत नाही, तो येतो श्रीलंकेहून. भारताला स्वतःचे धर्मगुरू मिळावेत म्हणून पोप लिओ तेरावे यांनी 1893 मध्ये कँडी इथे एक सेमिनरी स्थापन केली आणि ती बेल्जियन जेझुइटांच्या हाती सोपवली. भारता, तुझीच मुले तुझ्या तारणाची सेवक होतील, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद या संस्थेने घेतले. 1926 मध्ये तिला रोमकडून पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. मुंबईचे आर्चबिशप आणि भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस हे कँडीचेच विद्यार्थी. भारत आणि सिलोन वेगवेगळे स्वतंत्र देश झाल्यावर भारतीय मुलांना तिकडे शिकायला पाठवणे जिकिरीचे झाले, म्हणून 1955 मध्ये सेमिनरी पुण्यात आणली गेली. पुणे निवडण्यामागे हवा, रेल्वे आणि मुंबईची जवळीक ही कारणे असतीलच. पण विद्यापीठ, डेक्कन कॉलेज आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर असलेल्या शहराने या संस्थेला पुढे जे वळण दिले, ते दुसऱ्या शहरात क्वचितच मिळाले असते.

येशूसंघाच्या उमेदवाराचा प्रवास लांबलचक असतो. आधी काही महिने किंवा वर्षभर त्याने संघाला आणि संघाने त्याला पारखायचे. मग दोन वर्षांचे नॉव्हिशिएट. मुंबईच्या मुलांसाठी पूर्वी अंधेरीचे विनयालय हे नॉव्हिशिएटचे ठिकाण होते. या दोन वर्षांत पुस्तकी अभ्यास जवळजवळ नसतो. प्रार्थना, घरकाम, रुग्णालयात सेवा, पैशांशिवाय केलेली यात्रा अशा कसोट्या असतात. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे तीस दिवसांची मौनसाधना. इग्नेशियसच्या 'आत्मिक साधना' या पुस्तिकेनुसार उमेदवार महिनाभर बोलणे बंद ठेवून रोज चार-पाच वेळा ध्यानाला बसतो आणि दिवसातून एकदा मार्गदर्शकाला भेटतो. दोन वर्षे सरली की तो व्रते घेतो. बऱ्याच संघांत पहिली व्रते एक-दोन वर्षांपुरती असतात आणि ती पुन्हा पुन्हा घेतली जातात. येशूसंघात ती पहिल्याच वेळी कायमची असतात. त्यानंतर पदवीचे शिक्षण, तत्त्वज्ञान, मग अभ्यास थांबवून एक-दोन वर्षे शाळेत किंवा मिशनवर प्रत्यक्ष काम, आणि शेवटी ईशज्ञान, ज्याला इंग्रजी वळणाने थिऑलॉजी म्हणतात. धर्मगुरुपदाची दीक्षा मिळेपर्यंत माणूस बहुधा तिशी ओलांडतो.

घराचा दिवस लवकर उजाडतो. सकाळी वैयक्तिक ध्यान, मग मिस्सा, नाश्ता आणि वर्ग. दुपारी जेवण, विश्रांती, ग्रंथालय. संध्याकाळी फुटबॉल, व्हॉलीबॉल किंवा बागकाम. रात्री पुन्हा अभ्यास आणि प्रार्थना. घराचा प्रमुख रेक्टर असतो. स्वयंपाकघर, वाणसामान, दुरुस्त्या आणि पाहुणे सांभाळणाऱ्या फादरना 'मिनिस्टर' म्हणतात. भाजीत मीठ जास्त झाले, गिझर बिघडला, गावाहून कुणी आले की विद्यार्थी त्यांच्याकडेच धाव घेतो. भांडी घासणे, ग्रंथालयातली पुस्तके लावणे, बाग शिंपणे ही कामे पाळीने सर्वांच्या वाट्याला येतात. उद्या पीएच.डी. होणार म्हणून कुणाची सुटका नाही. अधूनमधून 'व्हिला', म्हणजे सुट्टीचा दिवस, येतो. त्या दिवशी ही मंडळी सिंहगड किंवा लोणावळ्याच्या बाजूला डोंगर चढताना दिसतात.

या दिनक्रमातली सर्वांत जेझुइट म्हणावी अशी गोष्ट अगदी छोटी आहे. दुपारी आणि रात्री, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे, विद्यार्थी एकटा बसून सरलेल्या वेळाची झडती घेतो. याला 'एक्झामेन' म्हणतात. आधी मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार. मग नीट दिसावे म्हणून प्रकाशाची याचना. मग तास तास मागे जात दिवस पाहायचा: सकाळी वर्गात त्या मुलाचा प्रश्न आपण का तोडला, पत्र वाचताना मन कशाने भरून आले, ग्रंथालयात तास कुठे वाया गेला. जिथे चुकले तिथे क्षमा मागायची आणि उद्याची एखादी गोष्ट ठरवायची. इग्नेशियसच्या मते आजारपणात किंवा प्रवासात इतर प्रार्थना राहिल्या तरी हिच्यात खंड पडू नये. विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिले तर यात फार व्यावहारिक शहाणपण आहे. अभ्यास करणाऱ्या माणसाला आपल्या मनाची चाल ओळखता आली नाही, तर वाचलेले ज्ञान कोरडे राहते किंवा अहंकार वाढवते.

अभ्यासाचा साचा चर्चच्या कायद्याने ठरवलेला आहे. धर्मगुरू होणाऱ्याने तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा पूर्ण वर्षे शिकावे आणि धर्मगुरुपदाच्या दीक्षेवेळी त्याचे वय निदान 25 असावे, अशी अट आहे. 2011 मध्ये रोमने तत्त्वज्ञानाची पदवी तीन वर्षांची केली. ज्ञानदीप विद्यापीठाच्या पदव्या व्हॅटिकनच्या मान्यतेने दिल्या जातात; त्यांचा विद्यापीठ अनुदान आयोगाशी संबंध नाही. त्यामुळे बरेच विद्यार्थी बी.ए., एम.ए. वेगळे करतात. त्यांतले काही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संस्कृत, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्राच्या वर्गात बसतात.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात प्लेटो, ॲरिस्टॉटल, थॉमस अक्वायनस, कांट, हेगेल हे असतातच. त्यांच्या जोडीने उपनिषदे, शंकर, रामानुज, बौद्ध विचार आणि गांधी-आंबेडकरही शिकवले जातात. पूर्वी सारे लॅटिनमध्ये चाले, पाठ्यपुस्तके आणि तोंडी परीक्षासुद्धा. त्या काळी वादसभा भरायच्या: एकाने सिद्धान्त मांडायचा, दुसऱ्याने त्यावर अनुमानाच्या काटेकोर साच्यात आक्षेप घ्यायचा, पहिल्याने प्रत्येक पायरी उलगडून उत्तर द्यायचे. पुण्याच्या जुन्या शास्त्रीमंडळींना ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची रीत घरची वाटली असती. 1960 च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची जागा इंग्रजीने आणि प्रार्थनेत भारतीय भाषांनी घेतली, वादसभा मागे पडल्या. पण सगळ्या विषयांवर मिळून एकाच वेळी द्यायची शेवटची तोंडी परीक्षा टिकली. दोन-तीन वर्षे जे काही शिकलो ते परीक्षकांसमोर एका बैठकीत जोडून दाखवायचे असते. केवळ पाठांतराने ती निभावत नाही. ईश्वराच्या अस्तित्वावरचा प्रश्न बोलता बोलता शंकरांच्या ब्रह्मविचाराकडे वळू शकतो आणि तिथून दुःखाच्या प्रश्नावर येऊन थांबू शकतो.

शंकराचार्य या अभ्यासक्रमात इतके मध्यवर्ती का झाले, याचे बरेचसे श्रेय रिचर्ड डी स्मेट यांना जाते. 1916 मध्ये बेल्जियममध्ये जन्मलेले हे जेझुइट 1950 च्या दशकात पुण्यात शिकवू लागले आणि त्यांनी आयुष्याचा मोठा भाग इथेच काढला. त्यांचा प्रबंध शंकरांच्या ईशज्ञानपद्धतीवर होता. शंकर हे निव्वळ तर्काने चालणारे तत्त्वज्ञ नाहीत, ते श्रुती प्रमाण मानून तिचा अर्थ लावणारे आहेत, म्हणजे ख्रिस्ती धर्मपंडिताला जवळचे वाटावेत असे आहेत, अशी त्यांची मांडणी होती. यावर भारतीय तत्त्वज्ञांमध्ये मतभेद आहेत आणि असणारच. पण एका ख्रिस्ती संघाच्या घरात वर्षानुवर्षे ब्रह्मसूत्रभाष्य मन लावून वाचले जाते, ही घटना पुण्याच्या बौद्धिक इतिहासात नोंदण्यासारखी आहे. डी स्मेट आणि जोसेफ नॉयनर यांनी संपादित केलेले हिंदू धर्मावरचे 'रिलिजियस हिंदुइझम' हे पुस्तक 1964 मध्ये निघाले. ते इथल्याच सहकाऱ्यांच्या अभ्यासातून तयार झाले होते.

नॉयनर यांचे आयुष्य तर एखाद्या कादंबरीसारखे. 1908 मध्ये ऑस्ट्रियात जन्मलेले नॉयनर 1938 मध्ये भारतात आले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिशांनी जर्मन-भाषक परदेशी नागरिकांना स्थानबद्ध केले, त्यात तेही देहरादूनच्या छावणीत अडकले. पुढे ते पुण्यात ईशज्ञान शिकवू लागले, व्हॅटिकन परिषदेत तज्ज्ञ म्हणून गेले आणि 1964 मध्ये पोप पॉल सहावे मुंबईत आले त्याच सुमारास ख्रिस्ती प्रकटीकरण आणि जगातले धर्म या विषयावर मुंबईत भरलेल्या परिषदेचे काम त्यांनी पाहिले. मदर तेरेसांना अनेक वर्षे छळणाऱ्या आतल्या अंधाराबद्दल त्या ज्या थोड्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलल्या, त्यांत नॉयनर होते. 2009 मध्ये वयाच्या 101 व्या वर्षी ते पुण्यात वारले.

पुण्याचे खरे वेगळेपण मात्र रामवाडीच्या कुंपणाबाहेर दिसते. फ्रेंच जेझुइट गी दलरी पंढरीच्या वारीत वारकऱ्यांबरोबर चालले, त्यांनी तुकारामांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि विठ्ठल संप्रदायावर 'द कल्ट ऑफ विठोबा' हा ग्रंथ लिहिला. तो 1960 मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. पालखीचा क्रम, दिंडीची शिस्त, भजनाच्या वेळा यांची त्यातली नोंद चालणाऱ्याच्या नजरेने केलेली आहे. जर्मन जेझुइट मॅथ्यू लेडर्ले यांनी तर आपले घरच शनिवार पेठेत थाटले. स्नेहसदन नावाच्या या केंद्रात प्राध्यापक, चित्रकार, कीर्तनकार, विद्यार्थी येऊन बसत. आधुनिक महाराष्ट्रातल्या तत्त्वविचारांवर लेडर्ले यांनी 1976 मध्ये पुस्तक लिहिले आणि भारतीय ख्रिस्ती चित्रकलेचा इतिहासही जमवला. पेठेत राहणे आणि शहराबाहेरच्या आवारात राहणे यांत फरक आहे. शेजाऱ्याच्या घरच्या गणपतीचा आवाज ज्याच्या खिडकीतून आत येतो, त्याला हिंदू धर्म पुस्तकापलीकडचा कळू लागतो. 1903 मध्ये जर्मन जेझुइट हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेले 'निरोप्या' हे मराठी मासिक पुढे स्नेहसदनातूनच चालत राहिले.

या परंपरेत पुढे भारतीय नावे ठळक झाली. नोएल शेठ (1943–2017) यांनी पुणे विद्यापीठात संस्कृत आणि पालीचा अभ्यास केला, हार्वर्डला कृष्णाच्या दैवी रूपावर डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन ज्ञानदीप विद्यापीठाचे अध्यक्षपद सांभाळले. हरिवंशातला, विष्णुपुराणातला आणि भागवतातला कृष्ण टप्प्याटप्प्याने कसा बदलत गेला, हे त्यांनी मूळ पाठ समोर ठेवून दाखवले. वसईच्या भुईगावचे थॉमस डाबरे हे संघाचे नव्हेत, धर्मप्रांताचे धर्मगुरू. त्यांचा तुकारामांच्या ईश्वरानुभवावरचा ग्रंथ 1987 मध्ये ज्ञानदीप विद्यापीठाने छापला. पुढे ते वसईचे पहिले बिशप झाले आणि 2009 मध्ये पुण्याचे बिशप. वसईच्या वाडीतून निघून तुकारामांपाशी पोहोचणे, आणि तेही चर्चच्या विद्यापीठाने छापलेल्या ग्रंथातून, हा प्रवास रामवाडीशिवाय इतका सहज झाला नसता.

या घरांतल्या सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थ्याची गोष्ट मात्र सहजपणाची नाही. अँथनी डिमेलो 1931 मध्ये मुंबईत जन्मले, 1947 मध्ये अंधेरीला येशूसंघात आले, बार्सिलोनात तत्त्वज्ञान आणि पुण्याच्या डी नोबिलीत ईशज्ञान शिकले. 1970 च्या दशकात त्यांनी पुण्यात साधना संस्था सुरू केली आणि नंतर ती लोणावळ्याला नेली. धर्मगुरू आणि सिस्टर तिथे महिनोन्महिने राहून प्रार्थना आणि समुपदेशन शिकत. श्वासावर लक्ष ठेवणे, शरीरातल्या संवेदना पाहणे हे विपश्यनेला जवळचे मार्ग त्यांनी इग्नेशियसच्या साधनेशी जोडले. 1978 च्या 'साधना' या पुस्तकाने ते जगभर पोहोचले. 1987 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचा अचानक मृत्यू झाला. त्यानंतर अकरा वर्षांनी, 1998 मध्ये, व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त मंडळाने त्यांच्या काही लेखनातली मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे जाहीर केले. त्यांची पुस्तके वाचकांनी सोडली नाहीत आणि संघही त्यांना विसरला नाही. पण या प्रकरणातून एक गोष्ट उघड होते. ज्या माणसाने आज्ञापालनाचे व्रत घेतले आहे त्याचा अभ्यासही चर्चच्या डोळ्यांखाली असतो. तो मुक्त संशोधक नसतो. या ताणाशिवाय असे जीवन असू शकत नाही आणि तो लपवण्याचे कारणही नाही.

व्रतस्थ जीवनाचे चित्र फादरांपुरते मर्यादित ठेवले तर ते अर्धेच राहते. भारतातल्या कॅथलिक व्रतस्थांमध्ये सिस्टरांची संख्या फादरांपेक्षा कितीतरी अधिक आहे. उत्तन-भाईंदरच्या शाळा, दवाखाने, वृद्धाश्रम यांच्यामागेही त्यांचे कष्ट आहेत. ज्ञानदीप विद्यापीठात सिस्टरही शिकतात, पदव्या घेतात. मात्र धर्मगुरुपद त्यांना मिळत नाही. अभ्यासाच्या बाबतीत त्यांना संधी उशिरा मिळाली हे मान्य करायला हवे. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात 1972 पासून कॅथलिक आणि अँग्लिकन सिस्टर एकत्र राहू लागल्या. त्यांत सेक्रेड हार्ट संघाच्या सारा ग्रँट होत्या. शंकरांच्या विचारातील संबंधाच्या कल्पनेवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि अद्वैताच्या वाटेने ख्रिस्ती श्रद्धा समजून घेतली. आश्रमात संस्कृत श्लोक, बायबल आणि मौन एकाच प्रार्थनेत येत. डी स्मेट वर्गात जे सांगत होते, ते तिथे जगून पाहिले जात होते.

आज रामवाडीच्या वर्गात झारखंडचा, नागालँडचा, केरळचा आणि तमिळनाडूचा विद्यार्थी एका बाकावर बसतो. मुंबई-वसईच्या कॅथलिक घरांत एक-दोनच मुले असतात, त्यामुळे इथून संघात जाणारे पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. समान भाषा इंग्रजी असली तरी महाराष्ट्रात काम करणाऱ्यांना मराठी शिकावीच लागते. मराठीची खरी शाळा म्हणजे अभ्यासाच्या मध्ये येणारी एक-दोन वर्षे. तलासरीच्या ज्ञानमाता सदनात किंवा नगर जिल्ह्यातल्या एखाद्या मिशनवर वसतिगृहाची हजेरी घेताना, शेतमजुराच्या घरी चहा पिताना शंकर-कांटवर निबंध लिहिलेल्या मुलाला कळते की आपल्याला साधा दिलासा मराठीत देता येत नाही. परत आल्यावर ईशज्ञानाच्या वर्गात त्याचे प्रश्न बदललेले असतात. प्राध्यापकांनाही हा बदल लगेच जाणवतो, असे या घरांत नेहमी म्हणतात.

सगळेच शेवटपर्यंत जात नाहीत. काही नॉव्हिशिएटमध्येच थांबतात, काही तत्त्वज्ञानानंतर, काही तर दीक्षेच्या उंबरठ्यावर. कायमच्या व्रतांतूनही मोकळे होण्याची रीत चर्चमध्ये आहे. पूर्वी घरी परतलेल्याला गावात खाली मान घालून वावरावे लागे. आता बहुतेक ठिकाणी ते ओझे हलके झाले आहे. परतलेल्यांतले बरेच शिक्षक, वकील, पत्रकार किंवा समाजकार्यकर्ते होतात आणि अभ्यासाची सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडते.

जे राहतात त्यांची गुरुदीक्षा बहुधा आपल्या गावच्या चर्चमध्ये होते. बिशप त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, तळहातांना पवित्र तेल लावतात आणि दुसऱ्या दिवशी नवे फादर आपली पहिली मिस्सा अर्पण करतात. येशूसंघात मात्र शिक्षण तिथे संपत नाही. काही वर्षे काम केल्यावर 'टर्शियनशिप' नावाचा आणखी एक टप्पा येतो. त्यात चाळिशीकडे झुकलेला धर्मगुरू पुन्हा एकदा तीस दिवसांची मौनसाधना करतो, पुन्हा साधी सेवा करतो. त्यानंतर त्याला अंतिम व्रतांसाठी बोलावले जाते. तीन व्रतांबरोबर काही जण चौथेही घेतात: पोप जिथे पाठवतील तिथे जाण्याचे.